मापाआधीचा प्रश्न

झबल्याला मुलगा-मुलगी कळत नाही. पुढून नाड्या, सैल बाह्या, कापड आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं. मोठ्या भावाचं झबलं धाकट्या बहिणीला, तिचं पुढे मावसभावाला, असं ते घरोघर फिरतं. कुंचीचंही तेच. बाळ जन्मायच्या आधी खरेदी करायची नाही असा आपल्याकडे दंडक, आणि गर्भलिंग सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हाच. त्यामुळे पहिले काही महिने तरी माणसाचं पिल्लू नुसतं पिल्लूच असतं. मग ते चालायला लागतं, त्याला चपला लागतात, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो की मडगावच्या न्यू मार्केटात, दुकानाची पायरी चढायच्या आत समोरून येतं, "चलयेक काय चल्याक?" मुलीला की मुलाला? पाय केवढा, ते मागाहून.

माझी तक्रार या क्रमाबद्दल आहे. उत्तर दिलं की दुकानाची एक भिंत आपल्यासाठी बंद होते आणि कामाच्या वस्तू हटकून त्या बंद भिंतीवर असतात. दीड-दोन वर्षांपासून दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलींचे कपडे आणि पादत्राणं बघण्यासाठी बनवलेली असतात, मुलांची वापरण्यासाठी. रंगाचा वाद त्यानंतरचा, आणि माझ्या लेखी बराच गौण.

पाच-सहा वर्षांच्या मापाच्या दोन शॉर्ट्स शेजारी ठेवून बघा. मुलाची गुडघ्यापर्यंत, जाडसर सुती, दोन्ही बाजूंना मनगटापर्यंत हात जाईल असे खिसे, मागे आणखी एक. मुलीची मांडी सुरू होते तिथेच संपते, कापड पातळ, आणि खिशाच्या जागी खिशाचा आभास देणारी नुसती शिवण. या वयात दोघांच्या मांड्या सारख्याच, गुडघे सारखेच फुटतात, आणि शाळेतल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसलं की चटका दोघांनाही बसतो. तरी एकाला हातभर जास्त कापड का? टी-शर्ट घ्या. मुलाचा कमरेखाली येतो. मुलीचा बेंबीशी थांबतो किंवा खांद्याला दोन भोकं पाडून येतो. चार वर्षांच्या पोरीच्या खांद्याची कुणाला काय हौस, हे मला आजवर कुठल्या विक्रेत्यानं पटवून दिलेलं नाही. एकीकडे 'मुलीच्या जातीला शोभेल असं' म्हणत तिला दामटायचं आणि दुसरीकडे हे असले कपडे तिच्या मापात शिवायचे, ही दोन्ही कामं एकच समाज एकाच वेळी करतो.

सणासुदीच्या फ्रॉकची कथा तर वेगळीच. बाहेर जाळीचे थर, आत टोचणारं नायलॉनचं अस्तर, छातीवर उलटसुलट फिरणाऱ्या टिकल्या, मागे मोठा बो. एप्रिल-मेमधला आपला घामट उकाडा आठवा आणि त्या फ्रॉकमध्ये मुंजीच्या पंगतीला बसलेली मुलगी आठवा. तिची मान लाल झालेली असते, ती सारखी बगलेत खाजवत असते, आणि कुणीतरी तिला दटावत असतं की छान फ्रॉक घातलाय ना, मग नीट बस. जुलैत हाच फ्रॉक धुतला तर दोरीवर तीन-तीन दिवस ओला, मग बुरशीचा वास, मग कपाटात रवानगी.

गळ्याशी लोंबणाऱ्या नाड्या आणि गोंडे हा शोभेपलीकडचा प्रश्न आहे. घसरगुंडीत, पाळण्यात नाडी अडकून लहान मुलं गुदमरून मेल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत आणि युरोपात त्याबद्दल नियम झाले. युरोपीय मानकात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी वा टोपीला ओढायची नाडी चालतच नाही. आपल्याकडे बाजारात फ्रॉकला मागून नाडी, पुढून नाडी, नाडीला गोंडा, गोंड्याला घुंगरू.

खिशाकडे परत येते. २०१८ साली अमेरिकेत 'द पुडिंग' नावाच्या डिजिटल नियतकालिकानं २० ब्रँडच्या ८० जीन्स प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हा बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाले. त्या मोठ्यांच्या जीन्स होत्या, पण सवय लहानपणीच लागते. लहान मुलीला खिसा कशाला, असं विचारणाऱ्यानं एखाद्या मुलाचा खिसा संध्याकाळी उलटा करून बघावा: काजूच्या बिया, चिंचोके, मिरामारच्या वाळूतला शिंपला, अर्धं खोडरबर, क्वचित जिवंत किडाही. ज्याला खिसा आहे तो वाटेत दिसलेलं उचलतो. जिला नाही ती आईला म्हणते, तुझ्या पर्समध्ये ठेव, आणि आई म्हणते, टाकून दे तो कचरा.

हे काही आपल्या जुन्या चालीचं फळ नव्हे. नऊवारी नेसणाऱ्या बाईला खिशाची अडचण कधी आलीच नाही. कनवटीला पैसे, ओच्यात भाजी नाही तर फुलं. आणि आपल्या गोव्यातल्या कुणबी बायकांची तांबड्या चौकटींची साडी आठवा: आखूड, पोटऱ्या मोकळ्या ठेवणारी, खांद्यावर गाठ मारलेली, चिखलात उभं राहून लावणी करता यावी म्हणून तशी. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती रॅम्पवर नेली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ती मुळात कष्टकरी बाईच्या सोयीनं घडलेली साडी आहे. तेव्हा मुलीला पळता येईल, वाकता येईल, दोन्ही हात मोकळे राहतील असे कपडे मागितले की 'आपली संस्कृती' पुढे करणाऱ्यांनी आधी शेताच्या बांधावर एक चक्कर मारावी. जाळीचा फुगीर फ्रॉक कुणाच्या पणजीनं घातला होता?

आता पायांकडे. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेच्या अखेरीला पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीबरोबर छत्र्या, रेनकोट आणि पावसाळी चपलांची झुंबड उडते. इथे तरी निकष सरळ असायला हवा. चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावर पाय घसरता कामा नये, तांबड्या चिखलात चप्पल रुतून मागे राहता कामा नये, आणि बोटं ठेचता कामा नयेत. मुलांच्या पावसाळी सँडलला खाचांचा जाड तळ, टाचेमागे पट्टा, पुढे बंद चवडा. मुलींसाठी काय, तर पारदर्शक चकचकीत प्लॅस्टिक, वर बदाम किंवा फुलपाखरू, तळ गुळगुळीत, आणि टाचेला कळत-नकळत अर्धा इंच उंची. सहा वर्षांच्या मुलीला उंच टाच! दुकानदार बदाम दाबून दाखवतो, "पळयात, लायट पेटता." दिवा पेटतो खरा. पाय मात्र सरकतो.

शाळेच्या काळ्या बुटांतही तीच वाटणी. मुलांचा बूट वरून झाकलेला, जाड तळाचा. मुलींची ती बेली: वरून उघडी, एका पट्ट्यावर तोललेली, तळ पातळ. मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना पायातून निघणार, आणि साचलेल्या पाण्यात पाऊल टाकलं की भरणार. आणि पोरीला सांगणार काय, तर उड्या मारू नकोस, बूट खराब होतील.

हे दुखणं जगभरचं आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये क्लार्क्स या बूट-कंपनीवर बरीच टीका झाली, कारण मुलांच्या शालेय बुटाचं नाव होतं 'लीडर' आणि मुलींच्या बुटाचं 'डॉली बेब', आत बदामाचं चित्र. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनीही तोंड उघडलं आणि कंपनीनं 'डॉली बेब' मागे घेतला. आपल्याकडची नावं वाचून बघा: मुलांच्या खोक्यांवर चॅम्प, रेसर, रॉकी, मुलींच्या खोक्यांवर एंजल, प्रिन्सेस, बार्बीच्या सगळ्या बहिणी. आपण नावं वाचत नाही, एवढाच फरक.

पण नावापेक्षा मला पावलाचं शास्त्र जास्त मोलाचं वाटतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं भारतीय पावलांसाठी 'भा' नावाची नवी मापपद्धत सुचवली आहे. त्यासाठी डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १ लाखाहून अधिक माणसांची पावलं थ्रीडी स्कॅनरनं मोजली. भारतीय पाऊल परदेशी मापांच्या बुटांपेक्षा रुंद आहे, हे त्यातून पुढे आलं. मुलींच्या पावलाची वाढ साधारण अकराव्या वर्षी टोकाला पोचते आणि मुलांची पंधराव्या-सोळाव्या वर्षी, हेही दिसलं. सुचवलेले गट वयाप्रमाणे आहेत. अकरा वर्षांपर्यंत मुलगा-मुलगी असे वेगळे गट नाहीत. ते फुटतात बाराव्या वर्षापासून. म्हणजे ज्या वयात दुकानदार मापाआधी 'चलयेक काय चल्याक' विचारतो, त्या वयात पावलालाच त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसतं. मुलींचे बूट तरीही अरुंद येतात. पाऊल वाढण्याच्या ऐन वर्षांत मुलींना चिमटणारे बूट घालायचे आणि मग म्हणायचं की मुलींना पळायची आवडच नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाच्या दोन्ही उपांत्य लढती फातोर्ड्याच्या स्टेडियमवर झाल्या. शिखा पांडे गोव्याकडून क्रिकेट खेळत भारतीय संघात पोचली, तीही हवाई दलाची नोकरी सांभाळून. आदर्श कमी नाहीत. तरी एखाद्या मध्यम शहरातल्या दुकानात आठ वर्षांच्या मुलीसाठी फुटबॉलचे बूट मागा. माप हातात असतानाही दुकानदार दोनदा विचारील, "तिच्या भावासाठी ना?"

गुलाबीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हा विषय काढला की लोक लगेच तिथे धाव घेतात. गुलाबीत वाईट काही नाही. लग्नात पुरुष गुलाबी फेटा बांधतात आणि त्यांचं पौरुष शाबूत राहतं. १९१८ साली अमेरिकेतल्या बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकानं तर गुलाबी हा ठसठशीत रंग म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना, असा सल्ला दिला होता. रंगाचं असं आहे, आज इकडे उद्या तिकडे. मुलीला गुलाबी आवडत असेल तर गुलाबी घ्यावा. फक्त त्या गुलाबी पँटला खिसा असावा आणि गुलाबी बुटाला तळ असावा.

"पण तिला स्वतःलाच तो राजकन्येचा फ्रॉक हवा असतो," हा आक्षेप खोटा नाही. मुली खरंच रडून तो मागतात. लहान मूल आवडनिवड कुठून शिकतं, तर ज्या कपड्याला 'अगो बाई, किती गोड!' म्हणतात त्यावरून. हाफ पँट घालून झाडावर चढलेल्या मुलीला गोड कुणी म्हणत नाही, 'उतर खाली' म्हणतात. पाच वर्षांच्या बाजारहाटानंतर आलेली ती निवड मी मान्य करीन, पण ती निसर्गानं दिली असं मला सांगू नका.

दुकानदारांचं म्हणणं एकच: "खपता तेंच हाडटां." खपतं तेच आणतो. त्यात तथ्य आहे, आणि इथेच मला खरी गोम दिसते. लहान मुलीचे कपडे विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा ते धुणारा नसतो, आणि घालणारी तर नसतेच नसते. चवथीला आत्या आणते, वाढदिवसाला मामी, गल्फातून येताना काका. भेट म्हणून द्यायचं तर पेटीतून काढताच डोळ्यांत भरायला हवं, फोटोत उठून दिसायला हवं. जाड सुती हाफ पँट भेट देणारी आत्या कंजूष ठरते. मुलाला भेट म्हणून बॅट देतात, सायकल देतात, कपडे दिलेच तर 'रफ वापराला होतील' म्हणून देतात. मुलीला कपडेच देतात. म्हणजे मुलींच्या कपड्यांचा बाजार हा मुळात भेटवस्तूंचा बाजार आहे आणि दुकानदार त्या बाजाराशी प्रामाणिक आहे. कंपन्यांचाही हिशेब सोपा. भावाचं बहिणीला चालेनासं झालं की एका घरात दोनदा विक्री. झबल्यांची ती घरोघरची फेरी त्यांना परवडणारी नव्हती.

शहाण्या आया यावर एक तोड काढतात: सरळ मुलांच्या विभागातून घ्यायचं. मीही घेते. पण ती तोड आहे, उत्तर नव्हे. कारण पोरगी वाचायला लागली की गळपट्टीवरची चिठ्ठी वाचते, वर्गातल्या मुली चिठ्ठीशिवायही ओळखतात, आणि तिच्या मनात पक्कं होतं की चांगली, टिकाऊ, खिशाची वस्तू ही मुलांचीच असते, आपल्याला ती उसनी मिळते. उलट्या दिशेनं तर कुणीच जात नाही. फुलाफुलांचा शर्ट आवडणाऱ्या मुलासाठी मुलींच्या विभागात शिरणारा बाप मी तरी पाहिलेला नाही. त्या पोरांच्या नशिबी राखाडी, निळा आणि ट्रकचं चित्र. त्यांचंही दुःख आहे, पण निदान ते खिशात हात घालून उभे राहू शकतात.

दुसरी तोड शिंप्याची. गावचा टेलर अजूनही कापड दिलं तर खिशासकट शिवून देतो, आणि गोव्यात तो अजून शिल्लक आहे. मात्र त्यालाही दोनदा सांगावं लागतं, कारण तो आधी विचारतो, "फ्रॉकाक बोल्स?" (पोर्तुगीज गेले, पण खिशाचं बोल्स मागे ठेवून गेले.) ज्यांच्याकडे सवड आणि पैसे आहेत त्यांना टेलर परवडतो, ऑनलाइन 'युनिसेक्स' ब्रँडही परवडतात. आठवड्याच्या बाजारात ढिगातून निवडणाऱ्या आईला दोन्ही नाहीत. म्हणूनच हा प्रश्न एकेका पालकाच्या आवडीवर सोडून भागणार नाही असं मला वाटतं.

बाजाराला वळवेल असा एकच मोठा गिऱ्हाईक आपल्या हाताशी आहे, तो म्हणजे शाळा. शाळेनं पत्रकात जे लिहिलं ते गावातला प्रत्येक दुकानदार निमूट आणतो, खपेल की नाही याची चर्चा न करता. सरकारी पैसाही यात आहे: समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या आठवीपर्यंतच्या सर्व मुलींच्या गणवेशासाठी दरवर्षी प्रत्येकी ६०० रुपयांची तरतूद आहे. मग त्या पैशातून काय शिवायचं, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. सध्या बहुतेक ठिकाणी पिनाफोर किंवा स्कर्ट, आणि त्याच्या आत मुली सायकलिंग शॉर्ट्स घालतात. म्हणजे पँट त्या घालतातच, फक्त लपवून, आणि उकाड्यात एकाच्या जागी दोन कपडे.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं मुलामुलींना सारखाच गणवेश दिला, शर्ट आणि पाऊण लांबीची पँट. डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या मुलींच्या सरकारी शाळेनं अकरावीला शर्ट-पँट आणली तेव्हा काही धार्मिक संघटना रस्त्यावर आल्या. नंतर केरळ सरकारनंही सांगितलं की आम्ही हे कुणावर लादणार नाही. त्यातून मी घेतलेला धडा असा की मोठ्या मुलींपासून सुरुवात करू नये. तिथे लाज, धर्म, वयात येणं, सगळंच गुंतलेलं असतं, आणि त्या वयात निवड मुलीचीच असावी. पहिली ते चौथीला यातलं काही नाही. तिथे फक्त गुडघे आहेत.

गणवेश आणि खेळ यांचा संबंध जोडणारा केंब्रिज विद्यापीठातला एक अभ्यास २०२४ मध्ये आला. गणवेशाची सक्ती जिथे जास्त, अशा देशांत प्राथमिक वयाच्या मुलामुलींच्या हालचालींतली दरी मोठी दिसते, असं त्यात आहे. गणवेशामुळेच असं होतं, हा दावा संशोधकांनीही केलेला नाही आणि मीही करत नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. बेली घालून ती साठ मिनिटं करून दाखवायचं आव्हान मी कुठल्याही मुख्याध्यापकाला द्यायला तयार आहे.

आपल्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून मुलीला मुलाइतकाच वारसा आहे. आईबापांना मनात आलं म्हणून निम्म्या मालमत्तेतून पोरांना वगळता येत नाही, मुलगी असो वा मुलगा. आपण हे देशभर मिरवतो. त्याच घरातल्या बहिणी नंतर नोटरीपुढे मुकाट्यानं हक्क सोडून येतात, तेही आपण पाहतो. कागदावर समान असणाऱ्या मुलीला रोजच्या वापरातलं मात्र काहीच तिच्या सोयीनं मिळत नाही, त्यातूनच हक्काचं सोडून द्यायची सवय तिला लहानपणापासून लागते का, एवढं मला विचारावंसं वाटतं.

तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मांडण्यासारखा मजकूर फार मोठा नाही. इयत्ता पहिली ते चौथी: गुडघ्यापर्यंतची सुती पँट, दोन्ही बाजूंना खरे खिसे, सर्वांना. बूट काळा, बंद चवड्याचा, वेल्क्रोचा, खाचांच्या तळाचा, सर्वांना. पावसाळ्यात मागे पट्टा असलेली सँडल, सर्वांना. ज्या घरात मुलीनं स्कर्ट घालावा असं वाटतं त्यांनी तो घालावा, पण त्यालाही खिसा. आणि दुकानांना जाणाऱ्या यादीत 'मुले' आणि 'मुली' असे दोन रकाने न ठेवता एकच ठेवावा, मापांचा. ही यादी मार्चअखेर गेली तर जूनचा माल त्याप्रमाणे येईल. मेमध्ये गेली तर बेलींची खोकी आधीच उतरलेली असतील.